हुंकाराविना गोष्ट

पुणे, रविवार

सौ. रुख्मास,

नमस्कार. आशीर्वाद देण्याइतका मोठा मी तुझ्यापुढे आता उरलो नाही, म्हणून नमस्कारच.

डोळ्याची पट्टी निघाली. डॉक्टर म्हणतात, दिसेल तेवढं दिसेल. तू काळजी करू नको. ओळी वाकड्या गेल्या असतील, तेवढं सांभाळून घे.

संध्याकाळी इथल्या बागेत आम्ही म्हातारे जमतो अन् कोण काय वाचतंय ते सांगतो. एक बाई शिकारीच्या गोष्टी वाचतात. एक रिटायर कर्नल स्वयंपाकाचं पुस्तक कादंबरीसारखं रंगून वाचतात! मी सांगतो, माझं ऐकणं चालू आहे. रक्षा सूनबाईने फोनवर एक कादंबरी लावून दिली आहे.

काल ती ऐकताना मी सवयीने दर वाक्याला "हूं" म्हणत होतो. रक्षा हसत सुटली, "बाबा, काऊन हुंकार देऊन राह्यले? तो काई तुमच्यासाठी थांबत नाई!"

खरंच थांबत नाही गं. आपल्या समुद्रपुरात हुंकार आला नाही, तर सांगणारा गोष्ट तिथंच मोडतो.

कापूस वेचून झाला का? तुझा गुडघा कसा आहे?

फडताळात माझं शाळेतलं कवितेचं पुस्तक आहे. रोज दिवेलागणीला फोन लावून त्यातली एक कविता मला वाचून दाखवजो. "मले अक्षरं जुळवत वाचा लागते," असं म्हणशील. जुळव. जिथे अडशील, तिथून पुढची ओळ मी म्हणेन. सगळ्या पाठ आहेत. डोळा नाही सुधारला, तरी आपलं तेवढ्यावर निभेल.

तुझाच,
मधुकर