केमिस्ट्रीपुढची रिकामी चौकट

मंगळवार, ९ जून. लेस्टर.

मेडिकलला अर्ज करायच्या आधी कॉलेजात वर्षभराचा कोर्स लागतो. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून त्याचा फॉर्म महेशदादाने भरून दिला होता. सायकॉलॉजीपुढे टिक, केमिस्ट्रीपुढची चौकट रिकामी. "केमिस्ट्री लागत नाही रे," म्हणाला होता. दादा नर्स, माझा चुलतभाऊ, त्याच्याच घरात राहतो मी. शंका तरी काय घ्यायची?

आज हॉस्पिटलातली ड्युटी संपल्यावर कॉलेजात फॉर्म द्यायला गेलो. काउंटरवरच्या बाईने ती रिकामी चौकट बघितली. म्हणाली, डॉक्टर व्हायचंय ना? केमिस्ट्रीशिवाय कोणी तुझा अर्ज उघडणारही नाही. शुक्रवारपर्यंत बदलून आण.

घरी येऊन दादाला सांगितलं. वाटलं, म्हणेल चुकलं माझं. तो कांदा चिरत म्हणाला, "माहीत होतं मला. अरे, दहावीला दोनदा बसलास तू, वॉर्डात ट्रॉल्या ढकलतोस. यातून नर्सिंगला तरी लागशील. तुझ्या भल्यासाठीच केलं."

माहीत होतं. म्हणजे महिनाभर मी त्याच्यासमोर सगळ्यांना डॉक्टर होणार म्हणून सांगत होतो, तेव्हाही? हसायचा नुसता.

झेपेल का केमिस्ट्री? कदाचित दादाचं बरोबरही असेल. पण ते मला करून कळू दे की.

त्या चौकटीत टिक केली, कागद फाटेल इतकी दाबून. दादाने हाक मारली तसा जेवलो. पिठलं चांगलं झालं होतं, तेही सांगितलं. फॉर्म मात्र उशीखाली ठेवलाय. या घरात पहिल्यांदाच काही लपवतोय.