टायटॅनोसॉरसचं डोकं

शुक्रवार, संध्याकाळ

टायटॅनोसॉरस हे नाव जबलपूरला सापडलेल्या शेपटीच्या मणक्यांवरून पडलं. डोकं मिळालंच नाही. ही वेगळी प्रजाती मानावी का, यावरही आता शंका आहे. म्हणून संग्रहालयातल्या छोट्या प्रतिकृतीत मी फक्त मणके तपकिरी ठेवले, अंदाजाचं बाकी सगळं राखाडी. हाच नियम असतो. आज संचालक सरांनी डोकंही तपकिरी रंगवून घेतलं आणि खाली 'शास्त्रीय मांडणी' म्हणून माझं नाव.

"अगं, द्वारका चौकातला ट्रॅफिक सोसून लोक शेपटी बघायला येणार का?"

"मग माझं नाव काढा, सर."

"पाटी छापून झाली. फार ताणू नकोस, बाळा."

बाळा म्हणे. आणि ते तपकिरी डोकं.

उद्या उद्घाटन आहे. निघताना मी स्क्रू काढले. डोकं आत्ता माझ्या पलंगाखाली आहे. फोन वाजतोय, सरांचाच. वाजू दे.