चंद्रा जिवंत असल्याची नोंद

१२ जानेवारी
वाडीतला नववा दिवस. प्रबंधासाठी अजून अडीच महिने इथंच. ठकूमावशींनी पडवीतली खोली दिली आहे. एकट्याच. नवरा वारला, मुलगी सासरी. दोन म्हशी आणि डोंगराच्या पायथ्याचं एक मोठं भातखाचर, दिराशी सामाईक.

वाडीत मला 'सर्वेवाली' म्हणतात. जवळ जाऊन बसले की बोलणं थांबतं. मावशींचे दीर रामभाऊ शेजारीच राहतात. आज तोंडावरच म्हणाले, "मान्सांचा अभ्यास कशापायी? मान्सं काय नवी निघाल्यात?"

मानववंशशास्त्र हा शब्द सांगून पाहिला. जास्तच संशय. वेल्ह्याच्या या भागात वही घेऊन येणारा जमीन बघायलाच येतो. मी भोरची, असं सांगितलं. "मंग तर झालंच," म्हणाले.

१६ जाने.
वंशावळी सुरू. पुरुष त्रिकोण, बाई वर्तुळ, मेलेल्यावर तिरपी रेघ. मावशींना गंमत वाटली. सासऱ्यांची तीन मुलं: मावशींचा नवरा, रामभाऊ आणि नणंद चंद्रा.

"चंद्रीवर मार रेघ." मारली.

दुपारी म्हशींना पाणी दाखवताना आपण होऊन बोलल्या. "जित्ती हाय ती. आपल्या मनानं लगीन केलं म्हून घरच्यांनी मेली असं सांगितलं. सारोळ्याला पुलापाशी च्याची टपरी हाय तिची. म्या वर्साकाठी जाऊन येती. भावजींना ठावं न्हाई. कुनाला सांगू नगंस."

रेघ खोडली, बाजूला गाव लिहिलं. इथं आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगितलं. खूप आनंद झाला. तोही लिहून ठेवते.

२० जाने., भोर
नसरापूरला एसटी चुकली, घरी पोचायला दुपार. मॅडमना, म्हणजे गाइडना, वहीच्या पानांचे फोटो पाठवले. वही जेवणाच्या टेबलावरच पडली होती, आप्पांनी उघडली. रिटायर झाल्यापासून तहसील कचेरीबाहेर बसून दस्त लिहितात, कागद दिसला की वाचणारच. "वारसनोंदीला आम्ही असंच काढायचो. तुझं जरा सुबक आहे."

वडिलांना माझा विषय पहिल्यांदा कळला असं वाटलं.

२ फेब्रु.
सकाळी रामभाऊ अंगणात. हातात झेरॉक्स. नसरापूरच्या कुणा जमीन एजंटच्या नावानं चंद्राबाईंनी मुखत्यारपत्र करून दिलंय. खाचरात तिचा तिसरा हिस्सा आहे, नाव लावा, असा अर्ज. एकीचा वाटा हातात आला की बाकीच्यांना विकायला लावणं सोपं. हे मलाही कळतं.

रामभाऊ मावशींना म्हणाले, "चंद्री जित्ती हाय हे त्या मान्साला कुनी सांगितलं?" बघत होते माझ्याकडं.

मावशींनी कुणाकडंच पाहिलं नाही. दुपारी माझं ताट वाढलं आणि स्वतः आत जाऊन जेवल्या.

३ फेब्रु.
मॅडमना फोन. फोटो कुणी कुणी पाहिले?
"मी, आणि प्रकल्पातले दोघे."
कुठला प्रकल्प? आधी कधी बोलल्या नव्हत्या. डोंगरी गावातलं स्थलांतर, म्हणाल्या. निधी बाहेरचा. कुणाचा, ते भेटीत सांगते.

मग आवाज बदलून, "खरी नावं लिहायची नाहीत हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?"
होतं. मावशी बोलत होत्या त्या भरात...
"आणि मूळ वही कुठे असते?"
"माझ्याजवळच," म्हटलं.

फोन ठेवल्यावर टेबल आठवलं.

५ फेब्रु., सारोळे
पुलाजवळची टपरी, ट्रकवाले. चंद्राबाई ओळखू आल्या, रामभाऊंचंच नाक. मी खाचराचं काढलं तसं त्यांनी स्टोव्ह बारीक केला.

"फसवलं असं म्हनायला आलीस? मला कुनी फसवलं न्हाई. चाळीस वर्सं मेलेली व्हते म्या. त्या मान्सानं येऊन माझ्या आईचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, म्हनला, तुमचा हक्क हाय. भावानं घेतलं व्हतं का कदी?"

हक्क आहेच.

"पन ठकूवैनीचं खाचर जाईल हे न्हाई बोलला त्यो," म्हणाल्या आणि स्टोव्ह पुन्हा मोठा केला.

निघताना विचारलं, नावं कुठून मिळाली त्याला? माहीत नाही. कागदावर अंगठा घेताना फोन आला होता त्याला. "व्हय आप्पा, झालं आप्पा, असं बोलत व्हता."

भोर-वेल्ह्यात आप्पा किती असतील. घरटी एक. एसटीत हेच स्वतःला सांगत होते.

६ फेब्रु., भोर
जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, वाडीत एका चंद्राबाईवरून भांडण लागलंय.
आप्पा: "सारोळ्याची?"
"तुम्हाला कसं माहीत?"
"तूच नाही का सांगितलंस त्या दिवशी."

सांगितलं होतं? मागची पानं चाळली. सांगितल्याची नोंद नाही. वहीत तर त्यांनी वाचलंच असेल, गाव लिहिलंय शेजारी. म्हणजे त्यांना माहीत असणं हा काही पुरावा नाही. आणि सगळं कुठं लिहिते मी.

आई म्हणाली, "आमटी घे." आप्पांनी ताक मागितलं. रोजच्यासारखं. मी त्यांच्या हाताकडं बघत राहिले.

९ फेब्रु., वाडी
सगळं सांगितलं मावशींना. वही माझी, चूक माझी. मॅडमच्या प्रकल्पाचं सांगितलं. शेवटी वडिलांचंही. ते असतील असं नाही म्हटलं, नसतील असंही नाही.

मावशी शेण गोळा करत होत्या, थांबल्या नाहीत. तलाठ्याकडं हरकतीचा अर्ज दिलाय म्हणाल्या, रामभाऊंसोबत जाऊन. आणि चंद्राबाईंना घरी बोलावणं धाडलंय. येतील की नाही, माहीत नाही. रामभाऊ दारात उभं करतील का, तेही.

मग हात धुऊन पडवीत येऊन बसल्या. "आता म्या इचारती, तू सांग. लिवू नगंस."

आजोबा कोण, आजी कुठली, चुलते किती, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाचं नाव घरात घेत नाहीत. एकेक विचारत गेल्या. इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. दोनदा खोटं बोलले.

"बाप काय करतो?"

कचेरीत होते, म्हटलं.

"व्हते. आन् आता?"