ओळ माझी, कोड तुझा

चि. आमोद,

हे पत्र पाठवणार नाही, त्यामुळे आशीर्वादही लिहीत नाही.

मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी मी सॉफ्टवेअर केलं, तेव्हा दिवाणजींना पाठ व्हाव्यात म्हणून कमांडची नावं शाळेतल्या कवितेच्या चालीत बसवली होती: ‘आवक, तोल, हमाली, पट्टी.’ तू माझ्याच हाताखाली शिकलास. विंडोज आल्यावर स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर काढलंस; आतला सगळा कोड नव्याने लिहिलास, पडद्यावर मात्र तीच ओळ ठेवलीस.

तुझ्यावर दावा लावता येईल का, विचारलं. वकील म्हणाले, “अहो, नावं आणि क्रम कुणाच्या मालकीचे नसतात. कोड तुमचा, पण तो पुतण्याने घेतलेलाच नाही.”

काल यार्डात गेलो. तुझ्या सॉफ्टवेअरवर बोटं चालवत दिवाणजी माझी ओळ गुणगुणत होते.

माझा कोड सुखरूप आहे. तो कुणालाच नको आहे.

तुझा सख्खाच,
यज्ञेश्वरकाका