गंधालीची खाज, ओट्सची पेज

मुलुंड (पूर्व),
मे महिन्यातला रविवार, पंखा पाचावर

ती. अक्का,

तुझ्या पायांना हात लावून नमस्कार (गुडघे दुखत असतील तर दुरूनच). भावोजींचा खोकला कसा आहे? विडी सुटली की नुसती माळ्यावर लपली? कलमांना यंदा बरा आंबा धरलाय असं तुझा नातू प्रीतम सांगत होता. खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तू माझं काही ऐकत नाहीस, "हां, हां, बरां आसा, ठेव" म्हणतेस आणि स्वतःच ठेवतेस. वर प्रीतम मदत म्हणून मोबाइल स्पीकरवर टाकतो, त्यामुळे आमच्या घरची बातमी तुझ्याआधी अख्ख्या वाडीला कळते. ही बातमी वाडीला कळण्याजोगी नाही, म्हणून पत्र. घाबरू नको, सगळं ठीक आहे. (सगळं ठीक आहे असं लिहिलं की वाचणारा जास्त घाबरतो हे मला माहीत आहे, पण आता लिहून झालं.)

तर आपली गंधाली आठव्यात आहे आणि रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. माहेर म्हणजे मी. प्रेमा गेल्यापासून या घरात मी, एक कुकर आणि टीव्ही एवढीच माणसं. बोरिवलीला तिच्या सासूबाई "राहू दे की इकडेच" म्हणत होत्या, जावई चैतन्यही तेच म्हणाला आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पण ही म्हणाली, "मी बाबांकडे जाणार." अक्का, मी असा काही फुगलो की पडदे धुतले, माळा झाडला, पलंगावर कोरी करकरीत चादर घातली. ती आली आणि त्याच आठवड्यात तिच्या अंगाला खाज सुटली. साहजिकच पहिला आळ माझ्या चादरीवर आला.

खाज म्हणजे कसली म्हणतेस! पोटावरची कातडी ताणून ज्या रेघा उमटतात त्या रेघांवर लाल पुरळ, मग मांड्यांवर, मग दंडांवर. हे मला तिने सांगितलं नाही, मुलगी बापाला काय काय सांगणार! मला कळलं ते घरातल्या वस्तूंवरून. कंगवा स्वयंपाकघरात सापडायला लागला, उलथनं हॉलमध्ये, आणि माझी स्टीलची फूटपट्टी (फॅक्टरीतून रिटायर होताना आठवण म्हणून आणलेली, जिला मी कधी कुणाला हात लावू दिला नाही) तिच्या उशीखाली. एकदा दूध घेऊन आलो तर ही दाराच्या चौकटीला पाठ लावून वरखाली होत होती. मी म्हणालो, "अगं, गावची आपली तांबू गाय गोठ्याच्या खांबाला अशीच अंग घासायची." म्हणायला नको होतं. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि मग बोलली ते "गायीला जेवायला काय आहे?" एवढंच.

मग मी तो घोटाळा केला जो रिटायर झालेला माणूस करतोच. बागेतल्या आमच्या कट्ट्यावर विषय काढला. नाव घेतलं नाही, "समजा एखाद्याच्या अंगाला खाज सुटली तर" असं मोघम विचारलं. दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं की गंधालीला खाज सुटली आहे, आणि प्रत्येकाने आपापल्या बायकोचा अनुभव सांगितला. एक म्हणाला उष्णता, दुसरा म्हणाला पित्त, तिसरा म्हणाला मुलगी होणार (त्याला तीन मुलगे आहेत, त्याला काय कळतं). शेवटी बहुमत कडुलिंबावर झालं. आमच्या बिल्डिंगमागे कडुलिंब आहे. मी स्टूल घेऊन गेलो, वॉचमन नको नको म्हणत असताना चढलो आणि खालची फांदी वाकवली. त्या फांदीवर लाल मुंग्यांची वसाहत होती. पुढचं लिहीत नाही. पाला घरी आणला खरा, पण चैतन्य बोरिवलीहून आला तेव्हा त्याला काय दिसलं असेल ते डोळ्यांसमोर आण. सोफ्याच्या एका टोकाला बायको खाजवतेय, दुसऱ्या टोकाला सासरा खाजवतोय, मध्ये कडुलिंबाचा ढीग. बिचारा दारातच थबकला. "बाबा, हे पसरतं का?" म्हणाला, आणि चप्पल काढावी की घालूनच राहावं या विचारात उभा राहिला.

पण पोरगा शहाणा. त्याने आधी तो पाला उचलून बाहेर टाकला आणि आम्हाला डॉक्टरकडे नेलं. (मला कशाला, विचारशील. मी गाडीत बसूनच होतो, उतर म्हणायचा धीर कुणाला झाला नाही.) डॉक्टरीणबाई, अपूर्वा नाव त्यांचं, अगदी तरुण, पण बोलणं सावकाश. तळहात खाजतात का, तळपाय खाजतात का, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. गंधाली म्हणाली, थोडे थोडे, पण आता सगळंच खाजतंय, नक्की कसं सांगू? तेव्हा त्या म्हणाल्या, "बहुतेक हे साधं पुरळ आहे, शेवटच्या महिन्यांत पोट ताणलं की येतं. आईला त्रास देतं, बाळाला काही करत नाही, बाळंतपणानंतर जातं. पण पित्ताचा एक प्रकार असतो, त्यात बाळाला जपावं लागतं. तो नाही ना, हे रक्त तपासून बघू." एवढं ऐकलं आणि अक्का, माझ्या मुंग्यांची खाज जागच्या जागी थांबली.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते मी आणि स्वयंपाकघर जाणे. डॉक्टरीणबाईंनी लावायला गुलाबी लोशन दिलं, रात्रीसाठी गोळी दिली, सुती सैल कपडे घाला, अंगावर ओलं गार फडकं ठेवा, असं सांगितलं. आणि म्हणाल्या, ओट्सच्या पाण्याने अंघोळ केली तर बरं वाटेल. ते कसं करायचं हेही त्यांनी सांगितलं असणार, पण मी तेव्हा पित्ताचा विचार करत होतो. घरी येऊन मी ओट्सचं मोठं पाकीट अख्खं बादलीत ओतलं, वर कडकडीत पाणी घातलं आणि झाकण ठेवलं. झाकण काढलं तेव्हा बादलीत पेज झाली होती. आपल्या घरची उकड्या तांदळाची असते तशीच, चमचा उभा राहील अशी. गंधालीने बादलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, यात मी अंघोळ करू की सोबत लोणचं आणू?" मग मला सुचलेलं शहाणपण असं, की ती पेज मी बाथरूमच्या मोरीत ओतली.

पेजेने पाइपात जाऊन संसार थाटला. खालच्या मजल्यावरच्या नीलमबेन ठक्कर वर आल्या त्या तोंडाचा पट्टा सुरू करूनच, "श्यामकांतभाई, तुमच्या बाथरूममधून आमच्या छतावर काय पडते? पांढरा पांढरा, चिकट!" मी म्हणालो, "ओट्स." त्या म्हणाल्या, "नाश्त्याचे?" मी म्हणालो, "अंघोळीचे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रेमा गेल्याचा परिणाम आता डोक्यावर झालाय. तेवढ्यात आतून गंधाली हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खाजवायचं विसरून. रक्त दिल्यापासून पोरगी हसली नव्हती अक्का. नीलमबेन भांडण विसरून आत गेल्या, तिच्याजवळ बसल्या, गार फडकी बदलत राहिल्या, आणि प्लंबर येऊन गेला तरी त्या काही गेल्या नाहीत. ओट्स बारीक दळून, फडक्यात पुरचुंडी बांधून, गार पाण्यात बुडवायचे असतात. हे आता सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे.

रिपोर्ट परवा आला. चैतन्यने फोनवर वाचून दाखवला, मला त्यातला एक आकडा कळला नाही, पण शेवटी तो "नॉर्मल" म्हणाला एवढं कळलं. पित्ताचं काही नाही. साधं पुरळच. मी देवापुढे दिवा लावायला गेलो आणि काडेपेटी मिळेना, तर गंधालीने ती पाठीवर फिरवायला नेली होती. आता लोशनने बराच उतार आहे. अजून खाजतं, पण माणसासारखं खाजतं.

एक गंमत सांगतो. सुती सैल म्हणून ती हल्ली घरात माझे जुने सदरे घालते. काल दुपारी ती बाल्कनीत पाठमोरी उभी होती, बाह्या वर दुमडलेल्या, केस वर बांधलेले, आणि मी हाक मारली ती "प्रेमा" अशी. ती वळली. मला एकदम तुझं अंगण आठवलं. प्रेमाला आई नव्हती, म्हणून गंधालीच्या वेळी सातव्यात ती तुझ्याकडे आली, तूच तिचं माहेर झालीस. मी विक्रोळीच्या क्वार्टरमध्ये, फॅक्टरीच्या शिफ्टा करत. मधे एकदा रजा काढून आलो होतो, आठवतं? प्रेमा तुझ्या अंगणात भावोजींचा सदरा घालून बसली होती आणि माडाच्या सावलीत तू तिच्या दंडाला काहीतरी चोळत होतीस. मी विचारलं, "हे काय चाललंय?" तू म्हणालीस, "तुका काय करूचा हा? गप जेव." मी गप जेवलो. कुर्ल्यांचं सार होतं, मग कोण कशाला विचारतो! प्रेमा तुझ्याकडे बघून हसली होती, तुम्हा दोघींचं काहीतरी मला न कळणारं. इतक्या वर्षांनी आता वाटतं की तिलाही हेच झालं होतं की काय. विक्रोळीचं ते क्वार्टर आता राहिलं नाही, प्रेमा नाही, त्या वेळचं सांगणारं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

असो. तू मुळीच काळजी करू नको, आणि इतक्या उन्हात येण्याची दगदग तर अजिबात करू नको. आंब्याचे दिवस आहेत, भावोजींना एकटं टाकू नको. आम्ही दोघं समर्थ आहोत (बादली आता गंधालीच्या ताब्यात आहे). प्रीतमला आशीर्वाद, भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
श्यामकांत

ता. क. कुळथाची पिठी संपली आहे, ती पाठव. पार्सलने पाठवू नको, वाटेत फुटते. कुणा माणसाबरोबर पाठव. माणूस कुणीही चालेल, पण शक्यतो तू.

आणखी ता. क. वर सगळं हसत लिहिलं, आता जे लिहायचं होतं ते लिहितो. रिपोर्ट यायच्या आदल्या दुपारी गंधालीला फार खाज सुटली होती. मी दुसऱ्या खोलीत होतो. ती पोटाला मोठ्याने म्हणाली, "बस झालं आता, कशाला आलास तू?" आणि लगेच रडायला लागली. मी गेलो तर म्हणाली, "बाबा, मी असं कसं बोलले? त्याला काही झालं तर?" मग थोड्या वेळाने विचारलं, "मी पोटात असताना आईला माझा कधी राग आला होता का?" मी म्हणालो, "छे गं, कधीच नाही." ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर विक्रोळीला होता."

बरोबरच आहे तिचं. म्हणून अक्का, तू तिच्याजवळ बस आणि सांग. प्रेमा कधी वैतागली असेल, नको हे दुखणं म्हणाली असेल, तर तसंच्या तसं सांग, माझ्याकडे बघू नको. आणि कधीच म्हणाली नसेल, तरी एकदा म्हणाली होती असं सांग.