आधी पाय, मग चाक

४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी ऐकायच्या आधी खुर्ची घट्ट धरा. वीस तारखेला तेलविहिरीवर साठ टनांचा पंप मी नेणार आहे. माझा पहिला अवजड माल! बाकीच्या ड्रायव्हरांनी तोंडं वाकडी केली, पण फोरमननं चावी माझ्याच हातात ठेवली.

तुमचं म्हणणं, आधी पाय, मग चाक. म्हणून नऊ किलोमीटर रस्ता आधी चालून बघते म्हटलं, तर फोरमन हसला. वाटेतली ओढ्यावरची मोरी कागदावर पास आहे, उगाच पायपीट कशाला, म्हणाला. हट्ट केला तर बाई घाबरली म्हणतील आणि चावी जाईल. काय करू? भीती वाटतेय.

आईला सांगा, वेळेवर जेवते. (साफ खोटं, पण सांगा.)

तुमची लाडकी,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

तुझी बातमी आईनं शेजारी तीनदा सांगितली. मी एकदाच सांगितली, पण मोठ्यानं.

चालून बघच. सुटीच्या दिवशी जा, कुणाला विचारू नकोस. मोरीवर नुसती उभी राहून मान डोलवू नकोस. खाली उतर, दगड चाचप. शंका आली तर गाडी हलवायची नाही. गेलेली चावी परत मिळते. माझ्या बुटांचा चिखल खरवडून तुझ्या आईचे हात दुखायचे, पण मी चालायचो. गुडघा धड असता तर आताही आलो असतो. पण तो एक रस्ता फसवा निघाला, गाडी कलंडली आणि मी घरी बसलो, तुला ठाऊकच आहे.

भीती असावीच. तिला जपून ने.

तुझा,
बाबा

२४ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

चालले. पायांना फोड आले, अवकाळी पावसाच्या चिखलानं बूट दुप्पट जड झाले. मोरीखाली उतरले तर एका बाजूच्या दगडांमागची माती वाहून गेलेली. हात कोपरापर्यंत आत गेला. फोरमनला म्हटलं, गाडी हलणार नाही. त्यानं चावी काढून घेतली आणि मला पाण्याच्या टँकरवर बसवलं. चार दिवस सगळे मला 'पायी ट्रान्सपोर्ट' म्हणत होते. रडले, बाबा.

पाचव्या दिवशी मोरी तपासायला इंजिनिअर आला. त्याचाही हात कोपरापर्यंत गेला. मग मोरीवर लोखंडी तुळया टाकल्या आणि काल पंप मीच नेला. गाडीपुढे फोरमन स्वतः चालत होता!

एकच विचारते. तुमची गाडी कलंडली तो रस्ताही तुम्ही चालून पाहिलाच असेल. तरी फसवलं त्यानं. मग मी भरवसा कशावर ठेवू?

लोभ आणि उत्तर, दोन्ही लवकर पाठवा.

भिंगरी

२९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

शाब्बास! छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. आई लावतेय.

तुझ्या प्रश्नावर दोन दिवस घुटमळलो. त्या रस्त्याला बारा वर्षं मी उगाच शिव्या दिल्या. त्या दिवशी मी चाललोच नव्हतो. घाई होती, आणि मला कोण शिकवणार, ही मिजास होती. रस्त्याची भुसभुशीत कड खचली. चालून पाहिलं असतं तर दिसली असती. हे कुणालाच सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही. लाज वाटायची.

तू चालण्यावर भरवसा ठेव. आणि हे वाचूनही लोभ आहे तेवढाच राहू दे.

बाबा

ता. क. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा वाचलं. भोळे आहेत तुझे बाबा. चिखलाचे दिवस होते, आणि दवाखान्यात त्यांचे बूट माझ्या हातात दिले ते कोरडे खडखडीत. मला तेव्हाच कळलं होतं. माणूस जिवंत हाती लागला होता, आणखी काय विचारायचं?

तू मात्र बूट चिखलाचेच घेऊन ये. खरवडायला मी आहे.

आई