लूम चालू असताना म्हटलेला धवला

आये, आपला कॉम्प्युटर आता चालू होत नाही. कुठला म्हणून काय विचारतेस, एकच तर होता. टेम्पोतून उतरवला तेव्हा तू त्याला दारातच थांबवून ओवाळलंस, डब्यावर हळदीकुंकवाची बोटं उठवलीस आणि टेम्पोवाल्याला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाहीस. पुढचे कितीतरी दिवस येईल त्या बाईला तू "यो माजे बायचा कॉम्पुटर" म्हणून दाखवत होतीस, आणि मी आतल्या खोलीत दात-ओठ खात बसायचे. तू गेलीस, कामतघरचं घर सुटलं, आम्ही काल्हेरला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, तरी मी तो टाकला नाही. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला होता. तुझे जावई दर दिवाळीच्या साफसफाईला विचारायचे, "हे भंगार अजून किती वर्षं पोसायचं?" आणि मी दर वेळी तोंड वर करून सांगायचे, "भंगार नाही ते, त्यात माझ्या आईनं म्हटलेला धवला आहे."

तुझ्या नातीचं लग्न ठरलंय. तू तिला पाहिलं नाहीस, पण ती तुझ्यासारखीच हट्टी आहे. मुलगा चांगला आहे, आपल्यातलाच आहे. हळदीला डीजे लागणार, बँजो वाजणार, ते सगळं ठरलंय, पण पोरीनं मध्येच फर्मान काढलं, की डीजेच्या आधी धवला झालाच पाहिजे आणि तो तिच्या आजीचाच पाहिजे. तुझ्या वेळी हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. आपल्या आगरी लग्नात भटजी मागाहून आला तरी चालायचं, लग्नाचा धवला म्हणणाऱ्या धवलारणीशिवाय मांडवातलं पान हलत नव्हतं. देवांना आवतण द्यायचं ते तुझ्या तोंडून, हळद लागायची ती तुझ्या गाण्यावर. आता शेलार गावची धाकटी मावशी तेवढी उरली आहे, आणि तिलाही अर्धाच येतो. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती ओटीवर बसून आठवत होती, बोटांनी मांडीवर ताल धरत होती, आणि दर वेळी त्याच जागी येऊन अडत होती. "हितं माजी गाडी थांबतं गो," ती म्हणाली. "मदला तुकडा तुजे आयलाच यायचा. तुजे कॉम्पुटरान हाय ना? त्यो आन. येकदा आयकला का माजे ध्यानान येल." तिला दुसरं काही नको होतं. एकदा ऐकायचं होतं, म्हणजे पोरीच्या हळदीला धवला अख्खा झाला असता, आणि तुझ्यानंतर तो म्हणणारं एक तरी माणूस तयार झालं असतं.

"आणते की," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं, जसं काही काल-परवाच मी तो ऐकला होता. खरं सांगायचं तर मी तो कधीच ऐकला नव्हता. भरून ठेवला तेवढाच. तू असताना ऐकायची गरज वाटली नाही, तू गेल्यावर धीर झाला नाही, आणि नंतर नंतर तर "माझ्याकडे आहे" हे सांगण्यातच माझं भागत होतं. कारण आता दिवस फिरलेत, आये. आता शहरातली माणसं कॅमेरे घेऊन धवलारणींना शोधत येतात. ऑफिसातल्या मुली डोळे मोठे करून म्हणतात, "मॅडम, तुमची आई धवलारीण होती? खरंच?" आणि मी मान ताठ करून हो म्हणते. तुझ्या नावावर मी किती कौतुक करून घेतलंय, ते तुला कळलं तर तू हसशील की थोबाडीत देशील, मला सांगता येत नाही.

तर कॉम्प्युटर खाली काढला. मी दिवसभर गोडाऊनच्या ऑफिसात हेच करते, बंद पडलेले कॉम्प्युटर आणि स्कॅनर मार्गी लावते, त्यामुळे मला फार काळजी नव्हती. सुटी घेतली, डायनिंग टेबलवर पेपर पसरले आणि बटण दाबलं. दिवा लागला, पंखा कण्हत फिरला, पडदा मात्र काळाच. वायर बदलून पाहिली, दुसरा मॉनिटर लावून पाहिला, तेच. मग बाजूचा पत्रा खोलला. आत काय असेल? कामतघरचा कापूस. बोर्डावर, पंख्यावर, वायरींवर, सगळीकडे शेजारच्या कापड विणायच्या लूमवरून उडालेल्या कापसाचा जाड थर बसला होता, आणि त्यात मधूनमधून तू दसऱ्याला वाहिलेले तांदळाचे दाणे. डब्याला वरून जाळी आहे हे तुला ठाऊक नव्हतं, तू मनोभावे अक्षता टाकत राहिलीस आणि त्या आत जात राहिल्या. मला एकदम हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं. ब्रशने सगळं साफ केलं. रॅमची पट्टी काढून तिचे दात खोडरबरानं घासले, आतला बटणासारखा सेल बदलला, परत बटण दाबलं. काळाच. शेवटी टॉर्च घेऊन बोर्ड नीट पाहिला तेव्हा त्यावरचे चार-सहा छोटे डबे फुगून वर आलेले दिसले. बोर्ड गेला होता. त्यात आता कुणी जीव घालू शकणार नव्हतं. पण बोर्ड गेला म्हणून आत भरलेलं जात नाही, ते वेगळ्या डिस्कवर असतं. ती डिस्क मी काढली, ऑफिसातून आणलेल्या वायरीनं पोरीच्या लॅपटॉपला जोडली. ती घरघरली आणि सगळं जसंच्या तसं उघडलं. तुझी फाईलही होती. तिचं नाव मी तेव्हा "आई" ठेवलं होतं. घरात तुला आये म्हणायचे आणि लिहिताना, चारचौघांत आई.

तो दिवस तुला आठवतो? तूच मागे लागली होतीस. कुठल्याशा लग्नात कुणीतरी तुला सांगितलं, की कॉम्प्युटरमध्ये आवाज भरून ठेवता येतो. घसा बसलेला, हातात नारळ आणि खणाची पिशवी, आल्या आल्या तू म्हणालीस, "माजा धवला भर त्यान. तुना तं शिकाचा न्हाय, मंग भरून तरी ठेव." मला शिकायचा नव्हता हे खरंच. समोरच्या बिल्डिंगमध्ये माझी कॉलेजची मैत्रीण राहायची. तिच्यासमोर एकदा पोहे देताना तू गुणगुणलीस, तिनं विचारलं, "काकू काय म्हणतात गं?" आणि मी म्हटलं, "काही नाही, जुनं आहे कसलं तरी." तू ऐकलंस. गुणगुणणं थांबवून तू आत गेलीस आणि पोह्यांवरची कोथिंबीर विसरली होतीस ती आणून घातलीस.

भरायचं ठरलं तेव्हा तू म्हणालीस, "शुक्कारी करू गो. शुक्कारी लूम बंद अस्तान." आणि मी म्हटलं, शुक्रवारी मला वेळ नाही. वेळ होता, आये. शुक्रवारी लूमची सुटी, अख्ख्या गल्लीत शांतता, शेजारच्या कुकरची शिटीसुद्धा आपल्या घरात वाजल्यासारखी वाटायची. त्या शांततेत तुझा खडा आवाज समोरच्या बिल्डिंगपर्यंत गेला असता, आणि तो जाऊ नये म्हणून मी मुद्दाम लूम चालू असलेला दिवस निवडला. दार लावलं, खिडकी लावली. भिंतीपलीकडच्या गाळ्यात लूम धडधडत होते, पण ते आपल्याला कुठे ऐकू यायचे? जन्मापासून त्यातच वाढलेले आपण, लूम चालू असताना कुजबुजलेलं देखील आपल्याला कळायचं. माईकला ते ऐकू येतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कॉम्प्युटर शिकलेली मी! तू मात्र नवं लुगडं नेसून आलीस, माईकसमोर मांडी घालून बसलीस आणि त्याला हात जोडलेस.

परवा मी फाईल लावली. लूम! स्पीकरमधून नुसते लूम, घर हादरावं तसे. इथे काल्हेरला ट्रकचे हॉर्न असतात, लूम नाहीत. कितीतरी वर्षांनी ते कानावर पडले आणि तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, की आपण कसल्या आवाजात राहत होतो. तू कुठेतरी त्यांच्या मागे होतीस. आवाजाची एक रेघ वर यायची आणि परत बुडायची, एकही शब्द लागत नव्हता. मी आवाज कमी केला, वाढवला, मोबाइलवर कसलीकसली ॲप लावून लूम गाळून पाहिले. लूम गाळले की तूही जायचीस. तरी मी ऐकत राहिले. आणि मग मध्येच लाईट गेली. तिथली, त्या दिवसाची. लूम फटकन थांबले, आपला यूपीएस टीं टीं करायला लागला, आणि तू. इतकी स्वच्छ, की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. लूम थांबलेत हे तुझ्या गावीच नव्हतं, तू त्याच खड्या आवाजात म्हणत होतीस. दोन ओळी. तिसरी तू उचललीस आणि त्यावर माझा आवाज आला, तरणा, चिडका, जवळून, आणि घरातच असून चारचौघांतल्यासारखा. "आई, हळू ना! बाहेर ऐकू जातंय." तू गप्प झालीस. मग तू हळूच विचारलंस, "करू का बंद?" आणि मी म्हटलं, "हो, झालं तेवढं पुरे." तिथेच फाईल संपते.

मावशीला मी फोन करून सांगितलं, की कॉम्प्युटर काही चालू झाला नाही. यात खोटं एक अक्षर नाही, बोर्ड खरोखरच गेलाय. ती म्हणाली, "जाव दे गो. जवरा येतं तवरा मी म्हनीन. देव काय रागावाचं न्हाईत." पोरीनं तर मला मिठीच मारली. "मम्मी, तू आजीसाठी सुटी टाकून किती खटपट केलीस," म्हणाली. माझी मान खाली गेली ती तिला दमल्यामुळे गेली असं वाटलं. तिच्याच लॅपटॉपवर मी ते ऐकलं आणि तिलाच ऐकवत नाही. आजीच्या आवाजाबरोबर तिला आईचाही आवाज ऐकावा लागेल, म्हणून. माझा आवाज कापून टाकता येतो, मला काढता येतो. कापायला बसलेही होते. पण मी बोलते तेव्हा तुझी तिसरी ओळ चालू आहे, मला काढलं की तीही तुटते.

हळद चार दिवसांवर आली आहे. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुझ्यापर्यंत तर ते जाणारच नाही. तरी एक गोष्ट तुला सांगून टाकते. त्या दोन ओळी मी आता पन्नासदा तरी ऐकल्या असतील. मावशी जिथे अडते तो मधला तुकडा तोच आहे की दुसराच कुठला, देवांच्या आवतणातला आहे की हळदीचा, मला ओळखता येत नाही. ते फक्त मावशीला कळेल, आणि त्यासाठी मला ते तिच्यासमोर लावावं लागेल.